बागेतला बंदोबस्त

बनारसमधल्या दुर्गाघाटावरच्या माणसाला भीती दोनच गोष्टींची, गंगेच्या पुराची आणि माकडांची. पुरापुढे इलाज नाही, म्हणून सगळा जोर माकडांवर. चौकावर जाळी, सज्ज्याला जाळी, तुळशीलासुद्धा जाळी. अशा घरात वाढलेल्या विश्वेशने गंगेपलीकडच्या पेरूच्या बागेत शहरी पाहुण्यांसाठी चार खोल्या काढल्या, तेव्हा त्याने काय केले असेल हे त्याच्या शरदिनीकाकूंना न बघताच कळायला हवे होते.

एकोणीसशे नव्वदनंतर बनारसमध्ये ज्याला त्याला पाहुणे ठेवायचे वेड लागले होते. विश्वेश बँकेत कारकून; पण बोलणे असे की विलायतेत हॉटेले चालवून आलाय. "काकू, पाहुण्याला दोनच चीजा लागतात, सुरक्षा आणि आराम," तो सांगे. काकूंना आठवे ती जुनी बाग. नावेने जायचे, विहिरीवर अंघोळ, गोवऱ्यांवर बाटी भाजायची आणि झाडाखाली आडवे व्हायचे. दार नव्हतेच, तर कडी कोण लावणार?

तरीही पहिली पाहुणी काकूंनीच बोलावली. सीताबाई, त्यांची मंगला गौरीच्या देवळाजवळची बालमैत्रीण. लग्न होऊन नागपूरला गेली ती आता लेक-जावयाला घेऊन येत होती. फोनवर तिने संकोचत एवढेच विचारले होते, की ऑपरेशन झाल्यापासून मला सारखे उठावे लागते गं, सोय जवळ आहे ना? काकूंनी विश्वेशला विचारले. तो दुखावलाच. म्हणाला, टाइल्स लावल्यात, कमोड बसवलाय, राजवाड्यात नसेल असा.

कमोड होता. पण बागेत, घरापासून दूर. संडास घराबाहेर हा आजोबांच्या सोवळ्याचा नियम, घराला जाळी हा गल्लीचा नियम; या गाढवाने दोन्ही नियम नावेत घालून पार नेले होते. खिडक्यांना जाळी, ओसरीला जाळी, पुढच्या एकुलत्या एक दाराला गज. काकू म्हणाल्या, इथे माकडे नाहीत रे. तर म्हणाला, जाळी बघूनच येत नाहीत. ती उभारायच्या आधी का येत नव्हती, हे विचारायचे काकूंनी सोडून दिले.

दुपारी जेवणे झाली. लेक-जावई आतल्या खोलीत झोपले. काकू आणि सीताबाई ओसरीवर जुन्या गोष्टी काढत बसल्या होत्या. विश्वेशने बाहेरून दाराला कुलूप घातले, किल्ली जानव्याला बांधली, ती घरच्या कर्त्याने बांधायचीच असते म्हणून, आणि "निश्चिंत झोपा" असे सांगून रबडी आणायला नावेत बसला. बनारसचा माणूस रबडी आणायला गेला की वाटेत पान, पानाबरोबर गप्पा. तो कधी परतणार हे गंगामाईलाही ठाऊक नसते.

थोड्या वेळाने सीताबाईची चुळबुळ सुरू झाली. मग उठून दाराशी गेली, कुलूप पाहिले आणि गज धरून उभी राहिली.

"शरू, मला जायचंय."

काकू उठल्या. आत मोरी होती, पण ती जावयाच्या खोलीला लागून. सीताबाईने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आले होते. "जावयाला उठवू नकोस. त्याच्यासमोर फजिती झाली तर मी उद्याच परत जाईन."

काकूंनी स्वयंपाकघरातून वरवंटा आणला. कुलूप हाताएवढे, ते काय तुटणार! पण शेजारच्या भिंतीवर एक घाव घातला आणि पिठासारखी वाळू खाली आली. विश्वेशने पैसे कुलपात घातले होते, सिमेंटात नव्हे. आणखी दोन-चार घावांत चौकट हलली, काकूंनी खांदा लावला आणि दार कुलपासकट पेरूच्या आळ्यात आडवे झाले. सीताबाई पदर सावरत त्यावरून गेली. वेळेवर पोचली.

जावई उल्हासराव डोळे चोळत बाहेर आले. काय झाले म्हणून विचारू लागले.

"माकडं," काकू म्हणाल्या. वरवंटा त्यांनी पदराआड घेतला होता.

"एवढी ताकदवान?"

"बनारसची आहेत, जावईबापू."

उन्हे कलल्यावर विश्वेश आला. गालात पान, हातात रबडीचे मडके. पडलेले दार पाहून तो थबकला. उल्हासरावांनी त्याला सगळी हकिगत सांगितली, वर दोन माकडे आपण पळताना पाहिली असेही सांगून टाकले. विश्वेशचा चेहरा असा उजळला की जणू त्याला पद्मश्री मिळाली.

"पाहिलंत ना काकू? तुम्ही हसत होतात मला."

शब्द काकूंच्या जिभेवर आले होते, तेही चांगले धारदार. चाळीस वर्षे शाळेत मुलांचे कान पिळलेली बाई ती. पण खाटेवर सीताबाई बसली होती, लेकीशी नागपूरच्या संत्र्यांबद्दल बोलत, मोकळेपणी. काकूंनी ते शब्द गिळले. रबडीपेक्षा जड गेले.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

विश्वेश फुलून म्हणाला, की आता दुहेरी जाळी लावू, भिंतही पक्की करू.

"लाव हो. फक्त या खेपेला संडासही जाळीच्या आत घे, आणि वाटेवर छप्पर घाल. माकडांना टाइल्सची भारी आवड असते."

विश्वेशने गंभीरपणे मान डोलावली. हे आपल्या आधीच लक्षात आले होते, असे म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच गवंड्याला घेऊन आला.