चातुर्मासातला आकडा

“आकडा कानावर पडल्याशिवाय सुई टोचायची नाही. शंभराच्या आत असेल, तर मुळीच नाही.” गेल्या वर्षी दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी सरुबाईंना बजावलेलं अक्कांच्या कानात अजून घुमत होतं.

मंगळवार पेठेतल्या सरुबाईंची नजर साखरेनंच खाल्ली होती. सुईच्या पेनचे खटके मोजून इन्शुलिन त्या आपल्या आपण घेत. पण मुलानं, धम्मपालनं, पुण्याहून पाठवलेल्या मशीनवरचा आकडा वाचायला सकाळी सातला समोरच्या अक्काच लागायच्या. “या. मटक्याचा आकडा फुटला न्हवं?” असं म्हणतच सरुबाई दार उघडायच्या.

गेल्या चातुर्मासात अक्कांनी मौन धरलं होतं. उठल्यापासून नैवेद्य दाखवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही; सरुबाईंना सांगायचं ते हाताच्या खुणेनं. एका सकाळी आकडा आला बहात्तर. ‘नको’ म्हणून अक्कांनी सरुबाईंचा हात दाबला आणि लगबगीनं पूजेला परतल्या. सरुबाईंना वाटलं, घे म्हणतात. नऊ वाजता नैवेद्य दाखवून अक्का डोकावल्या, तर सरुबाई फरशीवर, घामानं थबथबलेल्या, दातखीळ बसलेली.

जीव वाचला. दवाखान्यात खाटेपाशी बसून अक्कांनी वचन दिलं, “पुन्हा आकड्यावाचून ठेवणार नाही तुम्हाला.”

म्हणून यंदा, दोन हजार सहा साली, ‘अंधांसाठी बोलणारं शुगरचं मशीन’ अशी शिबिराची बातमी वाचताच अक्कांनी अर्ज भरला. शिबिराच्या दुसऱ्या दिवसापासून चातुर्मास होता. वचनही राहील, व्रतही राहील.

शिबिरात सरुबाईंना स्टेजवर नेलं. बोट टोचलं. माइकपुढं धरलेलं मशीन ठणठणीत बोललं, “दो सौ चौदह!” टाळ्या पडल्या.

“म्हातारे, लाडू हाणलास काय?” मागून कुणी ओरडलं. सगळा हॉल हसला. मशीन सरुबाईंच्या हातात देऊन फोटो निघाले.

खाली उतरताना बिल्ला लावलेल्या बाईंनी सरुबाईंच्या मुठीतून मशीन सोडवून घेतलं. “हे फक्त दाखवायचं आहे, मावशी. नाव लिहून घेतलंय. माल आला की कळवू.”

“कवा?”

“कळवू की!”

रिक्षात सरुबाई दुखरं बोट चोळत बसल्या. मग म्हणाल्या, “मशीननं बी चातुर्मास धरला म्हणायचा.”

अक्कांना हसू आलं नाही.

“तुम्ही मौन मोडू नगासा, अक्का. माझ्यापायी पाप कशाला? मी घेतो की अंदाजानं.”

अक्कांनी मान खाली घातली. अर्ज सरुबाईंच्या नावाचा होता, सोय मात्र आपलीच बघितली होती. चारचौघांत त्यांचं हसं झालं, तेही आपल्याच मौनापायी.

सकाळी आंघोळ करून अक्का देवापुढं आल्या. समईकडं गेलेला हात मध्येच थांबला. सातला पाच कमी होते. समोर सरुबाईंच्या घरातून इन्शुलिनच्या पेनचा डबा उघडल्याचा आवाज आला.

अक्कांनी देवाला नुसता नमस्कार केला, हळूच कडी काढली आणि घसा खाकरत पायरी उतरल्या.