पितळ कातणारा तासगावचा लेथ

मित्रांनो, तासगावातून सांगलीकडे निघालात की बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजच्या अलीकडे निळ्या पत्र्याचं एक शेड लागतं. तिथे मी उभा आहे. मी जुना लेथ आहे. माझं वय छत्तीस. माणूस या वयात तरुण असतो, मशीन मात्र म्हातारं होतं.

लेथ काय करतो, ते आधी सांगतो. धातूचा गज माझ्या जबड्यात घट्ट पकडतात. तो गरगर फिरू लागला की त्याला धारदार टूल टेकवतात. काकडीची साल निघावी तसा नको असलेला धातू निघून खाली पडतो आणि हवी ती वस्तू उरते.

माझा जन्म दोन गावांत झाला. कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साच्यात ओतलं, त्यातून माझा कणा बनला. तो कणा सहा महिने उन्हापावसात उघड्यावर पडून होता. ओतलेल्या बिडात ताण असतो, तो असाच निवळू द्यावा लागतो, असं तेव्हाचे कारागीर म्हणत. मग साताऱ्याच्या एका कारखान्यात माझी जुळणी झाली. तिथल्या एका वयस्क कारागिराने माझी पाठ हाताने घासून घासून इतकी सपाट केली, की कागदाच्या जाडीइतकाही फरक राहिला नाही. त्याचं नाव मला कळलं नाही. त्याचा हात मात्र अजून आठवतो.

मला विकत घेतलं ते नानासोंनी. ते लष्कराच्या वर्कशॉपमध्ये सतरा वर्षं टर्नर, म्हणजे लेथ चालवणारे कारागीर होते. हवालदार म्हणून निवृत्त होऊन गावी आले आणि पेन्शनीवर बसून राहण्याऐवजी त्यांनी हे शेड उभारलं. पुढे माझ्या शेजारी आणखी दोन लेथ आले. हाताखाली अर्जुना आला. तो कवठे महांकाळकडच्या मेंढपाळाच्या घरातला. त्याच्या घरात कुणी लोखंडाला हात लावला नव्हता, पण त्याचा कान असा होता, की माझ्या आवाजावरून टूल बोथट झालंय हे तो पाठमोरा उभा राहून सांगायचा.

आम्ही पितळेची नोझल बनवत होतो. द्राक्षबागेत औषध फवारायला ट्रॅक्टरमागे ब्लोअर लावतात. त्याला बारा नोझल असतात. त्यांच्यातून औषध धुक्यासारखं बारीक उडावं लागतं. साताऱ्याची एक कंपनी असे ब्लोअर बनवायची आणि तिची सगळी नोझल आमच्या शेडमधून जायची. कंपनीचा माणूस यायचा, नोझल पाइपावर फिरवून बसवायचे आटे तपासायला गेज, म्हणजे मापाचा नमुना लावायचा आणि न बोलता मान डोलवायचा. नानासोंना तेवढं कौतुक पुरत असे. दर दसऱ्याला आम्हा तिघांना झेंडूचे हार पडत. नानासोंची मुलगी क्रांती आमच्या हँडलांना आपट्याची पानं अडकवून जायची.

मित्रांनो, ते दिवस फार चांगले होते. सकाळी शटर वर गेलं की आम्ही तिघे एका सुरात चालू व्हायचो आणि दुपारपर्यंत पायाखाली पिवळ्याधमक किसाचा ढीग साचायचा.

क्रांती शिकली, इंजिनिअर झाली आणि साताऱ्याच्या त्याच कंपनीत खरेदी विभागात लागली. कोणता सुटा भाग कुणाकडून घ्यायचा, हे ठरवण्याचं तिचं काम. नानासोंनी त्या दिवशी येईल त्याला पेढा दिला.

मग जग बदललं. आपल्या देशाचा पूर्वेकडच्या काही देशांशी व्यापाराचा करार झाला होता. सीमेवर मालाला जी जकात बसते, ती वर्षागणिक कमी होत होत बऱ्याच वस्तूंवर उरलीच नाही. त्या देशांनी आपापसात कामं वाटून घेतली होती. एका देशात पितळेचे गज, दुसऱ्यात नोझल, तिसऱ्यात पॅकिंग. अडवणारं कुणी नाही, म्हणून एकेका वस्तूचं एकेक गाव ठरून गेलं. समुद्राकाठच्या एका शहरात नोझलच्या कारखान्यांची रांगच उभी राहिली. आम्ही महिन्यात जेवढं बनवायचो, तेवढं तिथलं एक मशीन एका दिवसात बनवायचं. सगळ्या देशांतले ब्लोअरवाले तिथूनच माल घेऊ लागले.

एका रविवारी क्रांती घरी न जाता थेट शेडमध्ये आली. कंपनीने ठरवलं होतं, की पुढच्या महिन्यापासून नोझल बाहेरच्या देशातून घ्यायची. ते पत्र तिच्याच सहीने निघणार होतं. पत्र पोचायच्या आधी आपल्या तोंडाने सांगावं म्हणून ती आली होती. तिने पर्समधून बाहेरचं एक नोझल काढून नानासोंच्या हातावर ठेवलं.

नानासोंनी ते उजेडात धरलं, गेज लावलं, आट्यांवरून नख फिरवलं.

"माल चांगला हाय," ते म्हणाले.

"व्हय, आबा."

"मग घे. खराब असता तर भांडलो असतो."

क्रांती माझ्या टूलपेटीवर बसून रडली. नानासोंनी तिला रडू दिलं. मग तिच्यासाठी चहा सांगितला.

त्यानंतर शेडमधला सूर तुटला. आधी अर्जुना गेला. कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाण्याच्या पेट्या उचलायचं काम त्याला मिळालं. रोज येता-जाता तो दारात थांबायचा आणि आत न येता पुढे जायचा. मग माझे दोन्ही सोबती भंगारात गेले. ट्रकवर चढवताना त्यातल्या एकाचं हँडल तुटून पडलं. नानासोंनी ते उचलून फळीवर ठेवलं.

मी उरलो. कधी कुणाच्या मोटारीचा शाफ्ट दुरुस्तीला यायचा, कधी बुश. बाकी वेळ माझ्यावर पोतं. माझ्या पाठीवर, त्या कारागिराने घासलेल्या पाठीवर, गंजाचे ठिपके उठले. नानासोंच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. शेवटी त्यांनी माझ्यासाठीही भंगारवाल्याला होकार दिला. मला जमिनीशी धरून ठेवणारे चार बोल्ट सैल केले आणि सोमवारी ट्रक येणार असं ठरलं.

ते नोव्हेंबरचे दिवस होते. द्राक्षबागा फुलोऱ्यात होत्या. अशात शुक्रवारी आणि शनिवारी अवकाळी पाऊस झाला. फुलोऱ्यावर पाणी पडलं की दावण्या रोग येतो. दोन-तीन दिवसांत फवारणी झाली नाही तर घड जळून जातात. आणि नेमकी त्या साली नोझल कुठेच नव्हती. समुद्राकाठच्या त्या शहरात दोन महिन्यांपूर्वी पूर आला होता आणि कारखान्यांची सगळी रांग पाण्यात गेली होती. दुसऱ्या कंपन्यांकडे बघावं, तर त्यांचाही माल तिथलाच. लोकांनी जुनीच नोझल वापरली, पण त्यांची भोकं झिजून मोठी झाली होती. औषध धुक्यासारखं उडण्याऐवजी नळासारखं गळत होतं.

रविवारी सकाळी राहीबाई आल्या. नवरा सीमेवर नोकरीला, म्हणून चार एकर बाग त्या एकट्या सांभाळतात. ब्लोअर जोडलेला ट्रॅक्टर स्वतः चालवत त्या दारात आल्या. त्यांनी काही मागितलं नाही, फक्त विचारलं.

"आवं नानासो, तुमी करत हुता न्हवं ही नोझलं?"

नानासो उत्तर देणार, इतक्यात क्रांतीची गाडी थांबली. ती पहाटेच साताऱ्याहून निघाली होती. दोन दिवस तिच्या टेबलावर शेतकऱ्यांचे फोन थांबले नव्हते. तिने आत येऊन माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या सैल केलेल्या बोल्टांकडे.

"आबा, लेथ गेला न्हाई अजून?"

"उद्या जाणार हुता," नानासो म्हणाले.

कंपनीच्या पाइपाला बसतील असे आटे कापायचं टूल आणि गेज या भागात फक्त आमच्याकडे होतं. नानासोंनी ते तेलाच्या फडक्यात गुंडाळून जपलं होतं. राहीबाईंनी ट्रॅक्टरमधला पाना आणून माझे बोल्ट आवळले. क्रांतीने रॉकेलने माझा गंज पुसला. नानासोंनी जुन्या साठ्यातला पितळेचा गज जबड्यात धरला आणि बटण दाबलं.

पहिली चार नोझल वाया गेली. नानासोंना मापाच्या रेघा दिसत नव्हत्या. क्रांती मोठ्याने माप वाचायची आणि ते हात थांबवायचे, पण हात क्षणभर उशिरा थांबायचा. मला वाटलं, आता आपल्याकडून होणार नाही. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"मालक, टूल खाली बसलंय. वर घ्या जरा."

अर्जुना दारात उभा होता. माझा आवाज कोल्ड स्टोरेजपर्यंत गेला होता. नानासो बाजूला सरकले आणि अर्जुनाने हँडल हातात घेतलं.

त्या दिवशी उजेड असेपर्यंत आणि सोमवारी पहाटेपासून मी थांबलो नाही. भंगारवाल्याचा ट्रक आला आणि रिकामा परत गेला. एकशे ब्याण्णव नोझल झाली. सोळा ब्लोअर चालले. राहीबाईंचा फुलोरा वाचला, आणखी कितीतरी जणांचा वाचला. पण तालुक्यात ब्लोअर होते शेकड्यांनी, आणि मी होतो एकटा. राहीबाईंच्या बांधाला लागून असलेल्या दोन बागा काळ्या पडल्या. माझे दोन सोबती असते तर कदाचित त्याही वाचल्या असत्या. हे माझ्या मनाला आजही खातं.

पुढच्या वर्षी ते शहर सावरलं. तिथला माल पुन्हा येऊ लागला. तिथल्या माणसांनीही चिखल उपसून मशीनं पुसली असतील. त्यांच्यावर माझा राग नाही. क्रांतीने मात्र कंपनीत एक गोष्ट लावून धरली. बहुतेक नोझल बाहेरून घ्या, पण दहातलं एक जवळून घ्याच, म्हणजे ते काम करणारे हात राहतील. साहेब लोक तीन बैठकांनंतर कबूल झाले. आता आठवड्यातून एक दिवस अर्जुना येतो आणि मी चालतो. नानासोंचं डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे. ते दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि प्रत्येक नोझलला गेज लावतात.

मित्रांनो, लांबून येणारा चांगला माल जरूर वापरा. पण एक सांगतो. माझा गंज रॉकेलने तासाभरात निघाला. अर्जुनाच्या हाताला जुनी सफाई यायला दोन महिने लागले. आणि ज्या कारागिराने माझी पाठ घासली, तसं घासणारा माणूस आम्ही साताऱ्यापासून मिरजेपर्यंत शोधला, तो सापडला नाही. मशीन जपणं सोपं असतं, थोडं तेल पुरतं. हात जपायला त्यांना काम द्यावं लागतं. तुमच्या गावात असं एखादं शेड अजून चालू असेल, तर एकदा आत जा. तिथे काम करणाऱ्या माणसाला त्याचं नाव विचारा, आणि ते लक्षात ठेवा.