सत्तावीस रेघा

मागच्या अंगणातल्या कोब्यावर लाल रंगाच्या सत्तावीस रेघा होत्या. पहिली भिंतीपासून हातभर अंतरावर, शेवटची पार अंगणाच्या मध्यावर. प्रत्येकीच्या टोकाला बारीक अक्षरात तारीख. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजलेल्या माणसाचं ते अक्षर होतं.

गेल्या जूनमध्ये, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, वडिलांनी पहिली रेघ आखली. अंगणाचं काहीतरी करायचं, हे त्यांच्या निवृत्तीपासून चाललं होतं. सपाट फरशी, भिंतीलगत झाडांचा वाफा, उन्हाळ्यासाठी गुंडाळून ठेवता येणारं कापडी छत आणि दोघांना बसायला पाच फुटांचा बाक. घोडं अडलं होतं बाकाच्या जागेपाशी. आईला हिवाळ्यात पाठीवर ऊन हवं होतं, आणि मागची, दक्षिणेकडची उंच भिंत नेमकं तेच खायची. गाव कर्कवृत्ताच्या बरंच उत्तरेला, त्यामुळे भर जूनच्या दुपारीही तिची हातभर सावली अंगणात पडायची.

"अंदाजपंचे ठेवायचा नाही," वडील म्हणाले होते. "दर शनिवारी दुपारी सावली सगळ्यात आखूड होते तेव्हा तिची कड आखायची. वर्षभर. मग जागा आपोआप कळेल."

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सत्तावीस रेघा झाल्या आणि वडील अंथरुणाला खिळले. जानेवारीत ते गेले. त्याच्या पुढच्याच शनिवारी आईने ब्रश हातात घेतला.

मुलगी आली ती एप्रिलमध्ये, आई अंगणात पडल्यावर. कोबा जागोजागी फुगून फुटला होता. त्यात पाय अडकून घोटा चांगलाच सुजला होता. सूज पाहून मुलीने त्याच दिवशी फरशीवाल्याला बोलावलं. तो अंगणात उभा राहून रेघा मोजू लागला.

"ताई, हे काय? मुंग्यांच्या शर्यती लावता की काय इथे?"

"सावलीच्या खुणा आहेत."

"का? पळून चालली होती सावली?"

मुलीला हसू आलं. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती हसली नाही. "जूनपर्यंत थांबा," ती म्हणाली. "अजून नऊ शनिवार राहिलेत."

"काकू, महिनाअखेरीला मी मोठ्या इमारतीच्या कामावर चाललो. मग चार महिने माझं तोंड दिसायचं नाही. आज हो म्हणा, उद्या माणसं आणतो."

"नऊ शनिवार," आई पुन्हा म्हणाली.

मुलगी प्रयोगशाळेत काम करायची. गरज नसलेली मोजणी कुणी करत बसलं की तिला राहवत नसे. त्यात इथे आईच्या घोट्याचा प्रश्न होता. ती म्हणाली, "आई, मोजणी डिसेंबरातच संपली. जूनपासून डिसेंबरपर्यंत सावली लांबत जाते आणि मग आल्या वाटेनेच परत येते. तू जानेवारीपासून बाबांच्याच रेघा गिरवते आहेस. त्यात नवीन काही कळणार नाहीये. शेवटच्या रेघेपलीकडे बाक ठेवला की झालं."

आई रेघांकडे बघत राहिली. "त्यांना हे माहीत नव्हतं?"

"त्यांनीच तर शिकवलं मला. लहानपणी, याच अंगणात काठी रोवून."

"मग मला वर्षभर का म्हणाले?"

"आजारपणात डोक्यातून गेलं असेल."

हे उत्तर तिने काहीही न तपासता दिलं. प्रयोगशाळेत दुसऱ्या कुणाचं असं उत्तर तिने चालवून घेतलं नसतं.

"बरं," आई म्हणाली. मग फरशीवाल्याकडे वळून, "घाला. पण बाक पाचच फुटांचा हवा. कमी नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोबा फोडायला सुरुवात झाली. आई स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसली. अंगणात घण पडला की तिचा हात थांबायचा, मग पुन्हा चालू व्हायचा. तारखा लिहिलेले तुकडे घमेल्यातून बाहेर गेले. एखादा तुकडा ठेवून घेऊ का, असं मुलीने विचारलं. आई म्हणाली, "कशाला? सुटा तुकडा काय सांगणार?"

काम चोख झालं. राखाडी फरशी इतकी सपाट बसली, की वर गोटी ठेवली तर जागची हलू नये. वाफा झाला, छत लागलं, बाक ठरल्या जागी बसला. मुलगी निश्चिंत मनाने आपल्या घरी परतली.

मेच्या मध्यावर ती परत आली तो शनिवार होता. दुपारी बारा वाजून गेले होते. घरात आई दिसली नाही म्हणून ती मागे गेली. छताखाली, बाकाच्या एका टोकाला आई बसली होती. मनगटावर वडिलांचं घड्याळ होतं. भिंतीची सावली वाफ्याच्या थोडी अलीकडे, कोऱ्या फरशीवर थांबली होती.

"पाय कसा आहे?"

"पाय उत्तम आहे." मग सावलीकडे बघत आई म्हणाली, "मला माहीत होतं गं. फेब्रुवारीतच कळलं. माझी रेघ त्यांच्या रेघेवर बसायला लागली. जास्तीत जास्त बोटभर इकडेतिकडे."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"फरशीवाल्यासमोर काय सांगू? मी आखलेल्याच रेघा आखते आणि मला तेच हवंय, म्हणून? तो बिचारा मुंग्या मोजत होता." आई थोडी हसली. "रिपोर्ट जूनच्या पहिल्या आठवड्यात आला. डॉक्टर म्हणाले, सहा महिने, फार तर सात. दोन आठवड्यांनी तुझे बाबा ब्रश घेऊन आले आणि म्हणाले, वर्षभर आखायचं. मला वाटलं, मनाला समजावताहेत. पण हिशेबाचा माणूस तो. जातानाच्या रेघा त्यांच्या, येतानाच्या माझ्या. आठवड्यातून एकदा तरी मी उठून बाहेर यावं, म्हणून."

मुलीने पायाखालच्या कोऱ्या फरशीकडे पाहिलं.

"तुला तर बघताक्षणी कळेल, हे मला ठाऊक होतं. वाटलं होतं, कळूनही गप्प बसशील."

"आई, मी काढून देते सगळ्या जागा. आजचा आणि पुढचे पाच शनिवार. बोटभरसुद्धा चूक होणार नाही."

"होणार नाहीच. हुशार आहेस तू." आईने घड्याळात पाहिलं. सावली आता सगळ्यात आखूड झाली होती. आईचा उजवा हात मांडीवरून किंचित उचलला गेला, बोटं ब्रश धरल्यासारखी जुळली आणि तशीच पुन्हा खाली आली.

बाकावर शेजारी अडीच फूट जागा होती. मुलगी उभीच राहिली.