गार लागलेलं माप

मेहुणीचा आज शेवटचा डोस होता आणि मला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. केमोचं हे औषध किडनीला बाधतं. म्हणून आधी सलाइन चढवतात. भरपूर लघवी झाली की औषध किडनीत साचून राहत नाही. माझ्या बायकोच्या वेळी हे मोजमाप आम्ही मनावर घेतलं नव्हतं. तिच्या किडन्या गेल्या, उपचार थांबले, आणि गेल्या वर्षी तीही गेली. आता तिच्या धाकट्या बहिणीची मोजमापाची वही मीच लिहितो.

दीड वाजेपर्यंत चारशे मिलिलिटर लघवी व्हायला हवी होती, नाहीतर डोस पुढच्या आठवड्यात. बारापर्यंत दोनशेच झाली होती. तेवढ्यात मेहुणी सलाइनचा स्टँड ढकलत बाथरूममधून आली आणि मापाचं भांडं माझ्या हातात दिलं.

"घ्या भाऊजी, अडीचशे. लिहा आणि सिस्टरना बोलवा."

मी आनंदाने पेन उघडलं. पण भांडं गार लागलं. तीस वर्षं डेअरीत दूध तपासलंय मी.

"यात नळाचं पाणी किती?"

"तुम्हाला इथेही डेअरीच दिसते."

"किती?"

ती खाली बघायला लागली. "निम्मं. अजून एक आठवडा वाट नाही बघवत मला. संपू दे एकदाचं."

"ताईचं काय झालं ते पाहिलंयस ना? खोटा आकडा मी लिहिणार नाही."

"मग गेला आजचा डोस."

"गेला तर गेला."

सिस्टरना खरं सांगितलं. त्यांनी तिला चांगलंच फैलावर घेतलं, ते भांडं ओतून दिलं आणि डॉक्टरांना विचारून सलाइनचा वेग वाढवला. "दीडपर्यंत थांबते. पुढे एक मिनिट नाही."

मी खोलीभर फिरत राहिलो.

"बसा हो भाऊजी, तुमच्या येरझाऱ्यांनी माझी आटायची."

एक वीसला ती घाईने उठली. मी दाराबाहेर उभा. जणू आत निकालच लागत होता. ती दोन्ही हातांनी भांडं धरून आली. कोमट होतं. सिस्टरनी स्वतः वाकून पाहिलं. दोनशे तीस. आधीचे दोनशे धरून चारशे तीस.

औषध सुरू झालं. मेहुणी हसत होती आणि डोळेही पुसत होती.

"आता तरी टेका जरा."

"औषधानंतरचंही मोजायचं असतं," मी म्हणालो आणि वहीचं नवं पान काढलं.