बोदामचा बंद किनारा

एर्मलिनने बापाच्या थडग्यावरचं गवत उपटलं, क्रूसावरचं शेवाळ करवंटीने खरवडलं आणि कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली. याच बोदाम बेटावर तिचा जन्म झाला. ती लहान असतानाच, मोठ्या बेटावर लष्कराचा तळ करायचा म्हणून सगळ्यांना बोटीत कोंबून मॉरिशसला नेऊन टाकलं होतं. तेव्हापासून ही बेटं कुणाची, यावर इंग्लंडचं आणि मॉरिशसचं अशी दोन सरकारं भांडत होती. इथं जन्मलेल्यांना विचारायची बुद्धी मात्र दोघांनाही झाली नाही. आता म्हातारपणी एका दिवसाच्या भेटीची मेहेरबानी झाली होती. पण एर्मलिनला भेट नको होती. तिला इथं राहायचं होतं आणि बापाशेजारीच मातीत जायचं होतं.

"आज परत जाऊ, पण पुढल्या खेपेला मुक्कामालाच येऊ," ती शेजारणीला, सिदोनीला म्हणाली. "आमचा गास्तों आहे ना."

गास्तों तिच्या बहिणीचा मुलगा. बहीण गेल्यावर लोकांची धुणी धुऊन एर्मलिननेच त्याला वाढवला, शिकवला. आता तो इंग्लंडात निसर्ग राखणाऱ्या एका संस्थेत होता. आज तोही बोटीने बरोबर आला होता. गेल्या वर्षी तो कॅमेरा घेऊन मॉरिशसच्या वस्तीत आला तेव्हा म्हणाला होता, "मावशी, बेटाचं बोल. जगाला बेट आवडलं की तिथं राखणीला माणसं लागतील. तुमच्याशिवाय कोण आहे?"

एर्मलिन हुरळली. घरोघर जाऊन तिने बायकांना बोलतं केलं आणि स्वतः झावळीची रीत सांगितली. कासवी अंडी घालायला वर आली की तिचा बाप किनाऱ्यावर झावळी आडवी टाकी. मग तिकडे पाय ठेवायचा नाही, मासा धरायचा नाही. पिल्लं पाण्यात गेली की बापच झावळी उचली आणि सगळा गाव गळ घेऊन धावे.

दुपारी सिदोनीने सेराझच्या कालवणासाठी नारळाचं दूध काढलं. आता मासा हवा होता. एर्मलिन गळ घेऊन गुडघाभर पाण्यात उतरली, तोच पहाऱ्यावरचा गोरा शिपाई धावत आला आणि काहीतरी बोलला.

"मासा धरायचा नाही म्हणतो," गास्तोंने सांगितलं. "समुद्र राखीव झालाय."

"एका कालवणापुरता? सांग त्याला, माझा बाप पुरलाय इथं."

शिपायाने टोपी काढून बरंच काही सांगितलं. एर्मलिनकडे पाहून तो ओळखीचं हसलाही.

"काय म्हणतो रे?"

"काही नाही. चल मावशी, ऊन लागेल."

सिदोनी हॉटेलात भांडी घासून इंग्रजी शिकलेली. ती पुढे झाली. "मी सांगते. तो म्हणतो, बाई, बंदी तर तुम्हीच मागितलीत. इथं पहाऱ्यावर निघण्याआधी शिपायांना गास्तोंच्या संस्थेची फिल्म दाखवली म्हणे. त्यात तू बोलतेस, झावळी पडली की पाय ठेवायचा नाही, मासा धरायचा नाही." तिचा आवाज खाली आला. "मासा नाही तर इथं खायचं काय? राहायचं संपलंच की, एर्मलिन."

एर्मलिन गास्तोंकडे वळली. "आणि झावळी उचलायचं?"

"ते संस्थेने कापलं."

"तू कुठं होतास?"

"तिथंच होतो." तो वाळूकडे बघत राहिला. "बोललो असतो तर नोकरी गेली असती. पण बेटं तर वाचली ना, मावशी? प्रवाळ, कासवं..."

"कुणापासून वाचवलीस? माझ्यापासून?"

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. परक्यांनी हाकललं तेव्हा ती बोटीत ऊर फुटेतो रडली होती. आज तिला रडूही येईना. घराचं दार तिच्याच तोंडून बंद करून घेतलं होतं, आणि तेही तिच्या मांडीवर वाढलेल्या पोराने. कालवण कुणी केलंच नाही. सिदोनीने नारळाचं दूध वाळूत ओतून दिलं.

बोटीचा भोंगा वाजला. बोटीपर्यंत नेणारी होडी लाटांनी हलत होती. आधीच चढलेल्या गास्तोंने वाकून हात पुढे केला. "ये, मावशी. जपून."

एर्मलिनने त्या हाताकडे पाहिलं. मग पाण्यात उभ्या असलेल्या शिपायाचा दंड धरून ती होडीत चढली.

"अगं, त्याला का धरतेस?" सिदोनीने विचारलं.

"हा मला मावशी म्हणत नाही," एर्मलिन म्हणाली.