शुकरीसाठी दहा मणी

तोंडात तीन टाचण्या धरून मॅग्डलीनने हॅझेलच्या स्कर्टची कड दोन बोटं खाली ओढली आणि हातानेच खूण केली, वळ. हॅझेल स्टुलावर उभ्या उभ्या वळली. तिच्या हातात कार्डांचा गठ्ठा होता आणि नजर समोरच्या फ्रिजवर होती. फ्रिजच्या जागी शंभर माणसं बसली आहेत असं समजून ती बोलत होती.

उद्या सखीरला, विद्यापीठाच्या सभागृहात, शाळांची वादविवाद स्पर्धा होती. गेले आठ दिवस बहारीनमधल्या उम्म अल हस्समच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दुसरा विषय नव्हता. मॅग्डलीन मराठीत विचारायची, हॅझेल इंग्रजीत उत्तर द्यायची. दोघींना त्यात काही वावगं वाटत नसे.

अमेरिकेच्या दक्षिणेकडची राज्यं गुलामगिरी टिकवण्यासाठी देशातून फुटली, लढली आणि हरली. त्यांच्या सेनापतींचे पुतळे पुढे गावोगावच्या चौकांत उभे राहिले. ते तिथे राहू द्यायचे की काढायचे, असा वाद होता. मॅग्डलीनला आता एवढं पाठ झालं होतं.

"हरलेल्यांचे पुतळे कसे काय बसवले पण?" टाचण्या तळहातावर काढून तिने विचारलं.

"तेच तर! काही तर युद्धानंतर चाळीस-पन्नास वर्षांनी बसवलेत. आणि माझ्या वाट्याला आलीय 'राहू द्या' ही बाजू. समोरच्या संघातल्या सबाला 'काढा'. तिला नेहमी सोपीच बाजू मिळते."

"मग तू काय सांगणार?"

"हे ऐक. माझं बेस्ट कार्ड." हॅझेलने गठ्ठ्यातलं एक कार्ड वर काढलं. "एका गावात गुलामांचंही स्मारक आहे. मालकांनीच बांधलेलं. विश्वासू गुलामांच्या आठवणीसाठी. म्हणजे बघ, ते त्यांना घरच्यासारखंच मानायचे."

मॅग्डलीनने टाचणी कापडात घातली, ती हॅझेलच्या पोटरीला टोचली.

"आउच! मम्मी!"

"सॉरी, सॉरी, बाळा. चांगलंच केलं की त्यांनी. आठवण ठेवली."

"सबा म्हणेल, ज्यांची आठवण ठेवली त्यांना विचारलं होतं का? तेव्हा मी काय बोलू?"

मॅग्डलीनने पुढची टाचणी घेतली. "सांग, मेलेल्यांना कसं विचारणार?"

"यू आर गुड!" हॅझेलने स्टुलावरूनच वाकून टेबलावरचं पेन घेतलं आणि ते वाक्य कार्डावर लिहून टाकलं.

मॅग्डलीनने मान खाली घातली. फोन शिवणाच्या डब्याशेजारी पालथा पडला होता. मंगळवारी तिने वसईला भावाला, फ्रेडीला, व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवली होती. घरासमोरचा क्रूस नव्याने बांधायचा होता. आजाला जाऊन येत्या महिन्यात पंचवीस वर्षं होणार होती. क्रूसाच्या पायाशी संगमरवराची पाटी बसणार होती आणि तिच्यावर घरातल्या सगळ्या मयतांची नावं कोरायची होती. आजा, आजी, बाबा, आई. त्यांच्या खाली मॅग्डलीनला आणखी एक नाव हवं होतं. 'शुकरी. या घरची विश्वासू सेविका.' ओळ लिहायला तिला तीन दिवस लागले होते. 'मोलकरीण' लिहिलं, खोडलं. 'घरच्यासारखी' लिहिलं, तेही खोडलं. फ्रेडीने संदेश वाचला होता, पण उत्तर आलं नव्हतं.

शुकरीसाठी ती रोज दहा मणी म्हणायची. आपली रोझरी पूर्ण झाली की वर ते दहा, तिच्या आत्म्याच्या शांतीसाठी. ते झाल्याशिवाय चहा नाही. बावीस वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. हॅझेलच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हाही बोटांवर मोजून म्हटले होते. नायजेल, तिचा नवरा, आधी थट्टा करायचा. "तुझ्या शुकरीला स्वर्गात आतापर्यंत बंगला मिळाला असेल." नंतर त्यानेही सोडून दिलं. हॉटेलातली सकाळची शिफ्ट असली की तो स्वतःचा चहा स्वतः करून घ्यायचा आणि तिच्या कपावर बशी झाकून जायचा.

फोन वाजला. फ्रेडीच होता.

"काय गं बाय, जेवण झालं काय?"

"झालं. तुझा मेसेज नाही आला रे."

"अगं इथे तो दगडवाला बसलाय पडवीत. नावं द्या म्हणतो. उद्या त्याला गोराईचं काम आहे." फ्रेडीने आवाज खाली आणला. "आजाचं, आजीचं, बाबांचं, आईचं देऊन टाकतो. चार नावं बरी दिसतील."

"आणि शुकरीचं?"

"बाय, लोक विचारतील ना. ही कोण म्हणून."

"विचारू दे. सांगायचं. तिचा बाप लग्नाच्या कर्जापायी आजाच्या गवताच्या धंद्यात अडकला आणि त्याने आठ वर्षांची पोर आपल्या दारात आणून सोडली, ते सांगायचं. फुकट राबली ती, फ्रेडी. तुला नि मला तिने धुतलंय."

"तू तिकडे बसून सांगतेस. इथे राहायचं मला आहे."

"म्हणून दगडावर तरी नाव असू दे म्हणते. एवढं तरी."

मागे कुणीतरी खोकलं. मग फ्रेडीच्या चपलांचा आवाज आला. तो पडवीतून उठून अंगणात गेला असावा.

"बाय, तिचं नाव नाही घालता येणार."

"का?"

"मयत नाही ती."

मॅग्डलीनने हॅझेलकडे बघितलं. हॅझेल फ्रिजसमोर ओठ हलवत होती.

"काय बोलतोस?"

"आईने तुला तसं सांगितलं होतं. कावीळ झाली नि वारली म्हणून. तू दर शुक्रवारी फोनवर विचारायचीस. शुकरी कशी आहे, शुकरीला दे. आई काय सांगणार? शुकरीचा भाऊ आदिवासी संघटनेची दोन माणसं घेऊन आला आणि तिला घेऊन गेला. वर तहसीलदाराकडे वेठबिगारीचा अर्ज. पोलीस घरी येऊन गेले. आईला त्याची लाज वाटली. मला म्हणाली, बायला सांगू नको, ती परदेशात एकटी रडत बसेल."

"आई जाऊन नऊ वर्षं झाली, फ्रेडी."

"तू तिच्या नावाने चर्चमध्ये मिस्सा घालायचीस. मग मी कसं सांगू? दर वर्षी म्हटलं, पुढच्या वर्षी सांगेन."

"कुठे आहे ती?"

"विक्रमगडच्या पलीकडे. मी एक प्लॉट बघायला गेलो होतो, तेव्हा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नाव दिसलं. फोटो आहे माझ्याकडे. पाठवतो. पण बाय, जुनं उकरू नको. आणि दगडवाल्याला काय सांगू ते सांग, उठायला लागलाय."

"त्याला आज परत पाठव," मॅग्डलीन म्हणाली.

फोटो लगेच आला. पिवळी भिंत, निळी अक्षरं. सरपंच, उपसरपंच, सदस्य. चौथ्या ओळीत 'श्रीमती शुकरी लखमा वरठा' आणि पुढे मोबाइल नंबर. रंग नवा दिसत होता. मॅग्डलीनने दोन बोटांनी ते नाव मोठं केलं, इतकं मोठं की अक्षरं फुटली.

"मम्मी, मी उतरू?"

"उतर."

ती बेडरूममध्ये गेली आणि पलंगाच्या कडेला बसली. उशीखालची रोझरी तिने काढली नाही, वरूनच उशीवर हात ठेवला. आज सकाळीही दहा झाले होते. सकाळी, म्हणजे तिकडे आठ-साडेआठ. शुकरी तेव्हा चूल पेटवत असेल, कुणाच्या तरी दाखल्यावर सही करत असेल. आणि इकडे आपण गुडघे टेकून तिला चिरशांती मागत होतो. मागणं झालं की उठून घेतलेला चहा गोड लागायचा. रोज लागायचा.

पहिलं कम्युनियन व्हायचं होतं, चर्चमध्ये प्रभूचा प्रसाद पहिल्यांदा जिभेवर घ्यायचा होता, तेव्हा मॅग्डलीन नऊ वर्षांची होती. शुकरी असेल सतराची. रविवारी कम्युनियन, आणि आधीच्या गुरुवारी पहाटे शुकरी नव्हती. आदल्या रात्री तिने एकट्या मॅग्डलीनला सांगितलं होतं. भावाचं लगीन आहे, सोडत नाहीत, मी चाललू. गवताची गाडी निघेपर्यंत खाडीकडच्या खोपीत बसणार. कुणाला सांगू नको, बाय. आजाने सगळ्यांना दटावून विचारलं. मॅग्डलीनला मात्र त्याने मांडीवर घेतलं. "रविवारी प्रभू तुझ्या जिभेवर येणार ना? मग त्या जिभेने खोटं बोलायचं नाही." ती खोटं बोलली नाही.

शुकरीला परत आणलं तेव्हा आजाने गवत कापायच्या विळ्याने तिचे केस कापले, अंगणात, सगळ्यांसमोर. रविवारी पहाटे मॅग्डलीनच्या पांढऱ्या फ्रॉकची पाठीवरची बटणं तिनेच लावली. डोक्याला फडकं बांधलेलं. बारा बटणं होती. शेवटच्या बटणाशी तिची बोटं थांबली आणि तिने हळूच विचारलं, "मी तठं हाय, कोनी सांगलं गं बाय?"

मॅग्डलीन बोलली नाही. पाठ तिच्याकडे होती.

पुढे किती फादर झाले. बोरिवलीचे, वसईचे, मनामाचे. पापनिवेदनाला बसलं की दर वेळी ते ओठापर्यंत यायचं आणि तिथेच अडायचं. पाप कोणतं म्हणून सांगायचं? ती तर खरं बोलली होती. मग शुकरी वारल्याचा फोन आला, आणि रडून झाल्यावर आत कुठेतरी हलकं वाटलं होतं, हेही तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आता तो प्रश्न परत विचारायला कुणी उरलं नाही. आता फक्त प्रार्थना करायची. ते तिला जमण्यासारखं होतं.

बाहेरच्या खोलीत हॅझेलने पहिल्यापासून सुरुवात केली होती. आवाज चांगला लागला होता. मॅग्डलीनने नंबर दाबला, आणि वाजायच्या आतच वाटलं, कट करावा.

"हालो, कोन?"

आवाज जाड झाला होता. मागे पोरांचा गलका आणि कुठेतरी शिट्टी झालेला कुकर.

"शुकरी?" मॅग्डलीनला बोलायचं होतं ते सगळं निसटलं. "मी वसईहून. म्हणजे बहारीनहून. मॅग्डलीन."

पलीकडे गलका तसाच चालू होता. मग तो दूर गेला. शुकरी उठून बाजूला गेली असावी.

"बाय?"

"हो."

मॅग्डलीन वाट बघत होती ती रागाची. शिवी आली असती तर तिने ओंजळीत घेतली असती. पण शुकरीचा आवाज आला तो नुसता सावध, दाराची कडी काढण्याआधी आतून विचारतात तसा.

"मी अठं हाय, तुला कोनी सांगलं?"

बाहेर हॅझेल शेवटच्या कार्डावर आली होती. ज्यांची आठवण ठेवायची ते मेलेले असतात, ती ठणकावून सांगत होती, आणि मेलेल्यांना विचारता येत नाही.

फ्रेडीचं नाव सांगणं सोपं होतं. खरंही होतं. मॅग्डलीनने उठून दार लोटून घेतलं.

"आता फ्रेडीने सांगितलं," ती म्हणाली. मग श्वास घेतला. "तेव्हा मी सांगितलं होतं, शुकरी. खोपीत तू आहेस ते. आजाला. मीच."

पलीकडे कुणीतरी लांबून हाक मारली, "शुकरीताई, माणसं थांबलीत."

"थांबू दे," शुकरी म्हणाली.

तिने फोन ठेवला नव्हता. तिचा श्वास ऐकू येत होता. मॅग्डलीन लोटलेल्या दाराला पाठ लावून उभी होती. तिने फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.