भावाने घेतलेलं माप

रिमवर नऊ इंच लिहिलेलं असलं की माझ्या भावाच्या लेखी ते नऊ इंचच. आता याला काय म्हणावं! नऊ म्हणजे टायर बसतो तेवढीच जागा. दोन्हीकडच्या कडा धरल्या की तेच चाक चांगलं दहा इंच भरतं. हे मी त्याला सांगितलं, चाक पालथं घालून वर आडवी पट्टी ठेवली, टेप त्याच्याच हातात दिली. पण साहेबांचं पालथ्या घड्यावर पाणी. "ताई, कंपनीवाले काय वेडे आहेत का?" म्हणे.

आमचं दुकान स्पोर्ट्स गाड्यांच्या चाकांचं. लोक हौसेने रुंद चाकं आणतात आणि आम्ही ती गाडीत नीट बसतील की नाही ते बघतो. चाक गाडीला जिथे टेकतं ती बैठक चाकाच्या मध्यापासून किती आत किंवा बाहेर आहे, त्याला ऑफसेट म्हणतात. पट्टीपासून बैठकीपर्यंत मोजायचं, त्यातून पूर्ण रुंदीचा निम्मा भाग वजा करायचा, की झालं. आणि या "झालं"मध्ये अर्धा इंच चुकला तर टायर आत सस्पेन्शनला घासतो, नाहीतर बाहेर फेंडरला, म्हणजे चाकावरच्या पत्र्याला, घासतो. बाबांनी हे मला शिकवलं तेव्हा भाऊ दुसऱ्या धंद्यात होता. तो धंदा बुडाला आणि स्वारी इथे आली. कानामागून आला आणि तिखट झाला, दुसरं काय.

बाबांचे गुडघे गेलेत. यंदा दुकान कोणाच्या तरी हाती सोपवून घरी बसायचं, हे त्यांनी जेवताना सांगून टाकलं होतं. कोणाच्या, ते सांगितलं नाही. मला विचारलं असतं तर मी छाती ठोकून सांगितलं असतं. एवढी वर्षं इथल्या फरशीवर गुडघे टेकून मी मापं घेतली आहेत. मला दुकान हवं होतं. उगाच लाजायचं कशाला?

त्यातच दाताच्या डॉक्टरांनी त्यांची लाल गाडी आणली. गावातले झाडून सगळे स्पोर्ट्स गाडीवाले या माणसाच्या शब्दावर चालतात. सोबत कुठून तरी मिळवलेली जुनी, देखणी चाकं होती, ऑफसेटचा आकडा पुसून गेलेली. डॉक्टर गाडी ठेवून गेले. मी टर्नरकडे गेले होते, तेवढ्यात भावाने माप घेतलं, चाकं चढवली आणि गाडी लिफ्टवर असतानाच हाताने गरागरा फिरवून बाबांना आणि दुकानात जमलेल्या गिऱ्हाइकांना दाखवली. हवेत लटकलेलं चाक फिरणारच हो, त्याला अडवायला आहे कोण?

गाडी खाली आली तेव्हा मी पोचले. टायर आणि फेंडरच्या मध्ये माझं बोट जाईना.

"निम्मी रुंदी किती धरलीस?" मी विचारलं.

"साडेचार. नऊचे निम्मे साडेचारच होतात ना? का तुझ्याकडे वेगळे होतात?"

"दहाचे निम्मे काढायचे असतात, शहाण्या! चाक अर्धा इंच बाहेर आलंय. दोन माणसं बसव आत, स्टिअरिंग पुरतं वळव, मग बघ कसं घासतं ते."

त्याने बाबांकडे पाहिलं. बाबा खुर्चीतून म्हणाले, "त्याने केलेलं काम आता उघडू नकोस. सगळे बघतायत. जरा त्यालाही करू दे की."

संध्याकाळी डॉक्टर गाडी घेऊन गेले.

त्याच आठवड्यात ते परत आले. फेंडरचा रंग सोलून निघाला होता, पत्रा वाकला होता, टायरच्या कडेची सालटी लोंबत होती. डॉक्टर दारातूनच ओरडले, "माप कोणी घेतलं होतं?"

भाऊ मोबाइलमध्ये काय शोधत होता देव जाणे. मी बाबांकडे बघितलं.

"मुलीने," बाबा म्हणाले. "हल्ली तिचं लक्ष नसतं. आता मुलगा जातीने बघेल, तुम्ही काळजी करू नका."

"बाबा!" माझ्या तोंडून एवढंच निघालं. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. परक्यासमोर म्हाताऱ्या बापाला खोटं कसं पाडायचं? आपलेच दात, आपलेच ओठ. डॉक्टरांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि "तरीच!" म्हणाले. तो शब्द मला अजून झोंबतो.

चाकं आता नव्याने घडवून घ्यायची होती, म्हणजे आकडा अचूक हवा. डॉक्टर गेल्यावर भाऊ माझ्यामागे घोटाळायला लागला. "ताई, एवढ्या वेळी बघ ना. रागावू नकोस ना गं." खोटा आकडा सांगावासा वाटला. खरंच वाटला. पण गाडीखाली वाकले की माझे हात खोटं बोलत नाहीत, काय करू! गाडी जमिनीवर ठेवली, आत दोघांना बसवलं, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवलं, आतून बाहेरून जागा मोजली आणि त्याला सांगितलं, "ऑफसेट चाळीस मिलिमीटर. एक कमी नाही, एक जास्त नाही."

नवी चाकं बसली. डॉक्टरांनी गावातले सगळे खड्डे आणि गतिरोधक पालथे घातले आणि हसत आले. भावाच्या पाठीवर थाप मारली. "याला म्हणतात हात! सगळ्यांना सांगतो मी. आणि बाईंना टेपपासून लांब ठेवा बरं का." बाबाही हसले. डॉक्टरांच्या देखत त्यांनी दुकानाच्या किल्ल्या भावाच्या हातात दिल्या.

डॉक्टर गेले, भाऊ त्यांना सोडायला बाहेर गेला. मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले.

"माप कोणाचं होतं, माहीत आहे तुम्हाला?"

"दोन्ही वेळचं माहीत आहे," बाबा शांतपणे म्हणाले. "तुला येतं आणि त्याला येत नाही, म्हणून तर किल्ल्या त्याला दिल्या. त्याला नाव नको का? तू काय, आहेसच त्याच्या मागे."

"आणि नसले तर? मी दुसऱ्या दुकानात गेले तर?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. आवाजात राग नव्हता, उलट मायाच होती, आणि तेच मला सोसलं नाही.

"जाशील कुठे, बाळ? त्या लाल गाडीची गोष्ट गावभर झालीय. आता तुझ्या हातात टेप देणार कोण?"

मी एकेक दुकान आठवत गेले. खरंच कोणी दिली नसती.